चोरून वाचलेल्या कादंबऱ्या

कोणत्याही सुशिक्षित घरांतील पुस्तकांच्या कपाटाला दोन ओळी असतात. पुढच्या ओळींत पाहुण्यांच्या दृष्टीस पडावीं अशीं पुस्तकें उभीं असतात. मागच्या ओळींत, थोडीं आडवीं, पुठ्ठा सुटलेलीं, वाचनालयाचा शिक्का पुसट झालेलीं अशीं कांहीं पुस्तकें असतात. तीं घरांतील प्रत्येकानें वाचलेलीं असतात आणि त्यांच्याविषयीं कोणी बोलत नाहीं. ह्या मागच्या ओळींत मराठी घरांमध्यें फार वर्षें ज्यांचें राज्य होतें, त्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांविषयीं येथें कांहीं लिहावयाचें आहे. भुयारें, गुप्त दरवाजे, वेषांतर केलेले राजपुत्र, पळवून नेलेल्या राजकन्या, गुंगीचें औषध, गुहेंत राहणारी दरोडेखोरांची टोळी आणि ऐन वेळीं प्रकट होणारा योगी, एवढ्या भांडवलावर ज्यांचा संसार चालला, त्या ह्या कादंबऱ्या. त्यांच्या नव्या आवृत्त्या मधून मधून निघतात आणि केस पिकलेलीं माणसें त्या हौसेनें विकत घेतात.

पुस्तक पुन्हां हातीं आल्यावर पहिल्या वीस पानांत जो आनंद होतो तो अगदीं खरा असतो. पुढच्या वीस पानांत कपाळाला आठी पडूं लागते. आणि तेंच पुस्तक नातवंडाच्या हातीं देण्याची वेळ आली म्हणजे हात आखडतो. हा हात कां आखडतो, हा आमच्यापुढील प्रश्न आहे. 'आतां अभिरुचि सुधारली' असें त्याचें उत्तर बहुधा दिलें जातें. आम्हांस तें उत्तर पुरेसें वाटत नाहीं. अभिरुचि सुधारली असती तर पहिल्या वीस पानांत आनंद झाला नसता.

ह्या वाङ्मयाची वंशावळ प्रथम थोडी पाहिली पाहिजे. मराठींत 'कादंबरी' हें नांवच मुळीं बाणभट्टाच्या एका अद्भुत कथेवरून आलें. म्हणजे ज्या वाङ्मयप्रकाराला आपण पुढें जीवनाचा आरसा म्हणूं लागलों, त्याचें बारसें अद्भुताच्या मांडीवर झालें. लक्ष्मण मोरेश्वर हळबे ह्यांची 'मुक्तामाला' १८६१ सालीं व 'रत्नप्रभा' १८६६ सालीं प्रसिद्ध झाली. नारो सदाशिव रिसबूड ह्यांची 'मंजुघोषा' १८६८ सालची. त्याच दशकांत कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं मराठींत आणलेल्या अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टी घरोघर शिरल्या. रिसबुडांनीं आपल्या प्रस्तावनेंत एक गोष्ट मोठ्या मोकळेपणानें सांगितली आहे. तिचा आशय असा कीं, आमच्या लोकांच्या विवाहाच्या चाली आणि एकंदर राहणी अशी आहे कीं, तींत मन वेधून घेतील असे ना दुर्गुण सांपडतात ना सद्गुण. रोजच्या अनुभवांतलें लिहावें तर त्यांत गोडी नाहीं. म्हणून मनोरंजक पुस्तक लिहूं पाहणाऱ्याला अद्भुताकडे वळल्यावांचून गत्यंतर उरत नाहीं. हें म्हणणें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याकडे आम्हांस परत यावयाचें आहे.

चारच वर्षांनीं, १८७२ सालीं, काशिनाथ बाळकृष्ण मराठे ह्यांनीं नावल व नाटक ह्यांविषयीं निबंध लिहून ह्या कादंबऱ्यांच्या असंभाव्यतेवर कोरडे ओढले. टीकेचा रोख त्या दिवसापासून ठरून गेला: अद्भुत म्हणजे खोटें, आणि खोटें म्हणून हलकें. पुढें हरि नारायण आपटे आले. त्यांनीं १८८५ सालीं 'मधली स्थिति' लिहिली तेव्हां रेनॉल्ड्स ह्या इंग्रज कादंबरीकाराचा आधार घेतला होता. पण थोड्याच वर्षांत, १८९० पासून, 'करमणूक' पत्रांतून 'पण लक्षांत कोण घेतो?' येऊं लागली आणि मराठी कादंबरीची दिशा पालटली.

तरी अद्भुताचा ओघ आटला नाहीं. लंडनमध्यें पेनीला एक अंक ह्या भावानें ज्याच्या कथा विकल्या गेल्या आणि तिकडच्या प्रतिष्ठित लोकांनीं ज्याला कधीं जवळ केलें नाहीं, तोच रेनॉल्ड्स (१८१४–१८७९) हिंदुस्थानांत मोठ्या मानानें वाचला गेला. गोविंद नारायण दातारशास्त्री (१८७३–१९४१) ह्यांनीं त्याच्या कथांना मराठी अंगरखा घातला. 'इंद्रभुवनगुहा', 'कालिकामूर्ति', 'बंधुद्वेष' हीं नांवें अजून जुन्या वाचकांच्या ओठांवर आहेत. नाथमाधवांची 'वीरधवल' १९१३ सालीं निघाली आणि तिनें कित्येक पिढ्यांची झोंप उडविली. त्यानंतर बाबूराव अर्नाळकरांनीं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. भुयाराच्या जागीं मोटार आली, योग्याच्या जागीं गुप्त पोलीस आला, पण वाचकाच्या उराची धडधड तीच राहिली.

ह्या कादंबऱ्यांच्या बाजूनें जें म्हणतां येईल तें मोकळ्या मनानें म्हटलें पाहिजे. वाचनाची गोडी उपदेशानें लागत नाहीं. 'पुढें काय झालें?' ह्या एका प्रश्नानें लागते. तो प्रश्न प्रकरणाच्या शेवटीं टांगून ठेवण्याची कला ह्या लेखकांना उत्तम साधली होती. नायक भुयारांत उतरला, मागचें दार आपोआप बंद झालें, हातांतील दिवा विझला, आणि प्रकरण संपलें! अशा वेळीं कंदिलांत तेल आहे तोंवर पुस्तक खालीं ठेवणें कोणत्याही चौदा वर्षांच्या जिवाला शक्य नव्हतें. भूगोलाच्या पुस्तकाआड, माळ्यावर, दुपारीं वडील माणसें निजलीं असतां, हीं पुस्तकें वाचलीं गेलीं. ज्यांनीं पुढें हरिभाऊ वाचले, इतिहासाचीं साधनें चाळलीं, इंग्रजी कादंबऱ्यांचे जाड खंड पार केले, त्यांपैकीं पुष्कळजण ह्याच निसरड्या घाटानें वर आले आहेत. घाटाला नांवें ठेवणें सोपें असतें. पण चढण त्यानेंच काढली हें विसरणें कृतघ्नपणाचें होईल.

जुन्नर आणि आंबेगांव ह्या तालुक्यांतील वाचकाला ह्या कादंबऱ्यांची मोहिनी विशेष पडावी ह्यांत नवल नाहीं. पुण्यामुंबईच्या वाचकाला जें कल्पनेनें उभारावें लागे, तें येथें अंगणांतून दिसतें. शिवनेरीच्या कड्यांत कोरलेलीं लेणीं, लेण्याद्रीच्या डोंगरांत ओळीनें असलेलीं दालनें, मानमोडीच्या आणि तुळजा लेण्यांचीं काळोखीं तोंडें. दोन कड्यांमधून कोंकणांत उतरणारी नाणेघाटाची अरुंद वाट आणि माथ्यावरचा तो दगडी रांजण. त्या वाटेवर पहारा करीत उभा असलेला जीवधन, आणि त्याचे सोबती हडसर व चावंड. दक्षिणेस भीमाशंकराच्या दिशेनें चढत जाणारें आंबेगांवचें दाट रान, जेथें पावसाळ्यांत कुजक्या लांकडावरची बुरशी रात्रीं स्वतःच्या तेजानें उजळते. ज्या मुलानें 'इंद्रभुवनगुहा' हें नांव वाचलें, त्याला ती गुहा कोठें असेल हें कोणाला विचारावें लागत नसे. ती लेण्याद्रीच्या पलीकडच्या अंगास असणार, ह्याबद्दल त्याची खात्री असे.

मग हीं पुस्तकें चोरून कां वाचावीं लागत? ह्याचें उत्तर नारायणगांवास मिळतें. नारायणगांव हें तमाशाचें मोठें ठिकाण. हंगामांत तेथें फडांच्या राहुट्या पडतात आणि गांवोगांवच्या जत्रांच्या सुपाऱ्या तेथें ठरतात. तमाशाच्या वगांत तेच राजे, तेच कपटी प्रधान, तीच संकटांत पडलेली राजकन्या आणि तोच वेष पालटलेला राजपुत्र. पांढरपेशा घरानें कनातींतला वग टाळला आणि तीच कथा संस्कृतप्रचुर भाषेंत, पुठ्ठ्याच्या बांधणींत, घरांत बसून वाचली. जी लाज वाटली ती ह्या नात्याची होती: आपल्याला जें आवडतें तेंच जत्रेंतल्या माणसालाही आवडतें, ह्याची. आमच्या मतें ही लाज अस्थानीं होती. जत्रेशीं नातें असणें हें कोणत्याही कथेला भूषणच आहे. लाज वाटण्याजोगें ह्या पुस्तकांत दुसरेंच कांहीं होतें आणि तें आपल्या वडिलांच्या दृष्टीस पडलें नाहीं.

तें काय, हें सांगण्यापूर्वीं असंभाव्यतेच्या आरोपाचा निकाल लावला पाहिजे. असंभाव्यता हाच दोष असता तर जगांतील निम्मे श्रेष्ठ वाङ्मय केव्हांच मरून गेलें असतें. ज्या सातवाहनांनीं नाणेघाटांत आपला लेख कोरविला, त्यांच्याच कुळांतील एका राजाची एक कथा काश्मीरच्या सोमदेवानें अकराव्या शतकांत 'कथासरित्सागरां'त सांगितली आहे. राजा राण्यांसह जलक्रीडा करीत असतां एक राणी दमून त्याला संस्कृतांत 'आतां पाणी पुरे' असें म्हणाली. राजाला संस्कृताचा संधि कळला नाहीं. त्याला त्यांत 'मोदक' ऐकूं आले आणि त्यानें मोदक मागविले. राणी हंसली. राजा इतका लाजला कीं त्यानें अन्नपाणी सोडलें. संस्कृत किती दिवसांत येईल ह्यावर दरबारांतील दोन पंडितांत पैज लागली. गुणाढ्य ती हरला आणि पणाप्रमाणें संस्कृत, प्राकृत व देशभाषा ह्या तिन्हींचा त्याग करून विंध्याच्या रानांत गेला. तेथें त्यानें पैशाची भाषेंत, शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्तानें, सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा लिहिली. राजानें ती पैशाचांची भाषा म्हणून झिडकारली. तेव्हां गुणाढ्य डोंगरावर अग्नि पेटवून बसला आणि एक एक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून आगींत टाकूं लागला. हरणें चरणें विसरून अश्रु ढाळीत ऐकत बसलीं. इकडे राजाच्या ताटांत सुकें मांस येऊं लागलें, तो आजारी पडला, आणि चौकशी करतां करतां त्या डोंगरापर्यंत पोंचला. तोंवर सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. एक लक्ष वांचले.

ह्या कथेंत संभाव्य असें कांहीं नाहीं आणि तरी ती हजार वर्षांत म्हातारी झाली नाहीं. उलट, अद्भुत कथेला हलकी म्हणून हांकून देणाऱ्या सुसंस्कृत दरबाराची तिनें केलेली थट्टा आमच्या पांढरपेशा कपाटाला आजही लागू पडते. पण तिच्यांतील दुसरी एक गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. ह्या कथेच्या मुळाशीं एक स्त्री आहे. तिला राजापेक्षां अधिक व्याकरण येतें, ती राजाला हंसते, आणि तिच्या हंसण्यानें एका राज्याची विद्या ढवळून निघते. ज्या पुस्तकांचीं पानें आज आपल्याला खुपतात त्यांत अशी राणी सांपडेल काय?

तेथें सांपडते ती पळवून नेण्याची वस्तु. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या ह्या कादंबऱ्यांतील नायिका फार सुंदर असते, फार रडते, फार वेळां बेशुद्ध पडते आणि शेवटीं ज्याची त्याला परत मिळते. तिच्या रूपाचें वर्णन दोन दोन पानें चालतें. तिच्या मनांत काय आहे हें विचारण्यास लेखकाला एका ओळीचीही सवड होत नाहीं. पातिव्रत्याची परीक्षा घेण्यासाठीं तिचा जो छळ होतो, तो छळ वाचकाला रंजक वाटावा अशी योजना असते. जिला स्वतःची इच्छा आहे अशी स्त्री ह्या कथांत यावयाची ती कुलटा, चेटकीण किंवा विषकन्या म्हणूनच; आणि शेवटल्या प्रकरणांत तिची व्यवस्था ठरलेली.

दुसरें शल्य खलपुरुषाचें. तो दुष्ट आहे हें त्याच्या कृत्यांवरून कळण्याच्या आधींच त्याच्या शरीरावरून कळतें. तो काणा असतो, कुबडा असतो, काळा असतो, परजातीचा वा परधर्माचा असतो. गोरा, कुलीन आणि दुष्ट असा माणूस क्वचित् आलाच तर अखेरीस त्याच्या जन्माचें रहस्य उघडकीस येऊन तो कुलीन नव्हताच असें ठरतें. ह्याच्या उलट, गुराख्याच्या घरीं वाढलेला शूर मुलगा शेवटीं राजपुत्र निघतो. वरवर पाहतां हा गरिबाचा विजय वाटतो. पण गुराख्याचा खरा मुलगा शूर असूं शकतो ही गोष्ट ह्या युक्तीनें कायमची नाकारलेली असते.

तिसरें शल्य आमच्या भागाला सर्वांत अधिक बोंचणारें आहे, आणि तें रानांतल्या माणसांचें. ह्या कादंबऱ्यांतील डोंगर व अरण्य रिकामीं नसतात. त्यांत 'रानटी' लोक राहतात. ते ओरडतात, नाचतात, देवीपुढें बळी देण्यासाठीं नायकाला बांधतात, आणि नायकाच्या एका युक्तीनें फसतात. त्यांना नांवें नसतात. हा दोष केवळ मराठीचा आहे असें नाहीं. इंग्रजींत रायडर हॅगर्डच्या 'किंग सॉलोमन्स माइन्स' (१८८५) आणि 'शी' (१८८७) ह्या कादंबऱ्यांत तीच गुहा, तोच खजिना आणि तसेच रानटी लोक आहेत; हॅगर्डनें स्वतः दक्षिण आफ्रिकेंत साम्राज्याची नोकरी केली होती, तेव्हां त्याची दृष्टि कोठून आली हें समजण्यासारखें आहे. तेथील वाचकही आज तीं पुस्तकें दोन मनांनीं वाचतात. परंतु आमच्या लेखकांची गोष्ट अधिक विचित्र आहे. ज्या दृष्टीनें परका राज्यकर्ता आमच्याकडे पाहत होता, ती दृष्टि त्यांनीं उसनी घेतली आणि आपल्याच शेजाऱ्यांवर लाविली.

जुन्नर-आंबेगांवच्या पश्चिम पट्ट्यांतील रानांत कोण राहतें, हें येथील कोणाही वाचकाला ठाऊक आहे. तेथें महादेव कोळी राहतात. डोंगरउतारावर भात पिकवितात, हिरडा गोळा करून विकतात, देवराया राखतात. पावसाच्या दिवसांत डोंगर अंगावर येण्याचें भयही त्यांच्याच वांट्याला. ३० जुलै २०१४ रोजीं माळीण गांवावर कडा कोसळून १५० हून अधिक माणसें गेलीं, त्या प्रत्येकाला नांव होतें. आणि शौर्याचीच कथा हवी असेल तर तीही येथें होती. सावकारी आणि इंग्रजी सत्ता ह्यांच्याविरुद्ध ह्याच सह्याद्रीच्या पट्ट्यांत बंड उभारणारा महादेव कोळी पुढारी राघोजी भांगरे ह्याला १८४८ सालीं ठाण्यास फांशी दिलें गेलें. 'मुक्तामाला' निघाली ती त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांनीं. गुप्त वाटा, वेषांतर, पाठलाग, फितुरी, सारें कांहीं त्या बंडांत होतें. त्यासाठीं कोणा काल्पनिक नगरीची गरज नव्हती. मराठी कादंबरीकारानें त्याच्याकडे पाठ फिरविली आणि कल्पनेंतल्या अरण्यांत कल्पनेंतले रानटी उभे केले.

येथें रिसबुडांचें तें म्हणणें आठवावें. रोजच्या जीवनांत गोडी नाहीं, असें ते म्हणाले. मराठ्यांनीं त्यांच्या अद्भुतावर हल्ला केला. पण खरा घाव घालावयाचा तो ह्या वाक्याच्या आशयावर होता. आपल्या भोंवतालचीं माणसें मनोवेधक नाहींत, ह्या समजुतींतून हे सर्व दोष उगवले आहेत. नायिकेच्या मनांत डोकावलें गेलें नाहीं, कारण घरांतील स्त्रीच्या मनांत कांहीं असेल असें वाटलें नाहीं. रानांतल्या माणसाला नांव मिळालें नाहीं, कारण बाजाराच्या दिवशीं हिरडा घेऊन येणाऱ्याला आपण नांव विचारलें नव्हतें.

'काळच तसा होता' असें ह्यावर कोणी म्हणतील. हें समर्थन आम्हांस मान्य नाहीं, कारण तें खरें नाहीं. 'मुक्तामाले'च्या चार वर्षें आधीं, १८५७ सालीं, बाबा पदमनजींचें 'यमुनापर्यटन' निघालें होतें आणि त्यांत हिंदु विधवांचें दुःख हाच विषय होता. त्याचा हेतु धर्मप्रसाराचा होता हें खरें. तरी घरांतील स्त्रीकडे पाहण्याची दृष्टि मराठी पुस्तकांत तेव्हांच आली होती. 'वीरधवल' निघण्यापूर्वीं वीस वर्षें हरिभाऊंची यमू वाचकांच्या डोळ्यांना पाणी आणून गेली होती. काळ एकच होता. पाहणारे निराळे होते. दुसरा आक्षेप असा कीं, ही केवळ करमणूक. तिच्यावर एवढा भार कशाला? पण करमणुकीच्या वेळीं मन सैल असतें आणि सैल मनांत जें उतरतें तें फार खोल जातें. धड्यांतला उपदेश परीक्षेनंतर विसरला जातो. भुयारांतला काळा कुबडा चेहरा साठाव्या वर्षींही आठवतो. ज्या शक्तीसाठीं आपण ह्या पुस्तकांवर प्रेम करतों, तीच शक्ति त्यांचे दोषही आपल्यांत रुजविते.

आतां त्या गुहांचें पाहूं. कादंबरींत गुहा म्हणजे दरोडेखोरांचा अड्डा किंवा कापालिकाचें ठाणें. जुन्नरच्या भोंवतालीं दीडशेंहून अधिक कोरीव लेणीं आहेत आणि त्यांतील कित्येकांवर ब्राह्मी अक्षरांत तीं कोणीं दिलीं हें लिहिलेलें आहे. बहुतेक लेणीं बौद्ध भिक्षूंसाठीं कोरलेलीं. देणारे कोण? एका ठिकाणीं धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी: तिनें सात खोल्यांचें लेणें व पाण्याची पोढी दिली. दुसऱ्या ठिकाणीं बुरूड आणि कांसार ह्यांच्या श्रेणींचा उल्लेख. आणि तिसऱ्या ठिकाणीं चक्क यवन: इरिल नांवाच्या यवनानें दोन पोढ्या दिल्या, चिट नांवाच्या यवनानें भोजनमंडप दिला. दोन हजार वर्षांपूर्वीं समुद्रापलीकडून आलेला एक परका माणूस नाणेघाट चढून येतो, येथें राहतो, आणि येथील भिक्षूंना बसून जेवतां यावें म्हणून खडकांतून दालन कोरवून घेतो. ह्याहून अद्भुत असें काय आहे? आमच्या कादंबऱ्यांत परका माणूस आला तो नेहमीं खंजीर घेऊन आला. आमच्या खडकावर तो भोजनमंडप देऊन गेला आहे.

नाणेघाटाच्या लेण्यांतील लेख तर एका राणीच्या नांवाशीं जोडला जातो. सातकर्णीची राणी नागनिका ही ती. अश्वमेध, राजसूय इत्यादि यज्ञ आणि त्यांत दिलेल्या हजारों गाई, घोडे, हत्ती व कार्षापण ह्यांची मोजदाद त्या भिंतींवर आहे. त्या मोजदादींतले आंकडे भारतीय अंकांच्या अगदीं जुन्या नमुन्यांपैकीं म्हणून विद्वान् अभ्यासतात. त्याच लेण्यांत राजघराण्यांतील व्यक्तींचे पुतळे होते. आज पुतळे नाहींत. पायांचे अवशेष आणि वर कोरलेलीं नांवें तेवढीं उरलीं आहेत. राज्याचा हिशेब खडकावर मांडविणारी ही राणी, आणि व्याकरणावरून राजाला हंसणारी कथेंतली ती राणी, ह्या दोघींपैकीं एकही आमच्या कादंबरीकारांना सांपडूं नये, हें त्यांचें खरें दारिद्र्य होय. अद्भुताचा त्यांनीं अतिरेक केला असें टीकाकार म्हणत आले. आम्हांस वाटतें, अद्भुत त्यांना पुरेसें दिसलेंच नाहीं.

मग ह्या पुस्तकांचें करावें काय? तीं जाळूं नयेत, हें गुणाढ्याच्या कथेनंतर निराळें सांगावयास नको. तीं छाटूंही नयेत. नव्या आवृत्तींतून टोंचणारे शब्द गुपचूप गाळून पुस्तक निर्मळ केल्याचा आव आणणें म्हणजे आपल्या आजोबांचें तोंड धुवून छायाचित्र काढण्यासारखें आहे. पुस्तक जसें होतें तसेंच छापावें. पण त्याचें मूळ कोणत्या इंग्रजी कथेंत आहे, तें प्रथम केव्हां निघालें, आणि आजच्या वाचकाला त्यांत काय खटकेल, हें सांगणारी चार पानांची प्रामाणिक प्रस्तावना त्याला जोडावी. गांवोगांवच्या वाचनालयांनीं जुन्या प्रती रद्दींत न घालतां जपून ठेवाव्या. मराठी वाचक कसा घडला ह्याचा तो दस्तऐवज आहे. मुलांच्या हातीं हीं पुस्तकें द्यावीं काय, ह्याला आमचें उत्तर 'द्यावीं' असेंच आहे, पण एकटीं देऊं नयेत. ज्या घरीं मुलगी 'वीरधवल' वाचते तेथें आईनें किंवा आजीनें ती तिच्याबरोबर पुन्हां वाचावी, आणि त्या राजकन्येला कोणी कांहीं विचारलें काय, एवढा एकच प्रश्न मध्यें टाकावा. रसाचा भंग होईल ही भीति व्यर्थ आहे. मुलें अद्भुतावर प्रेम करतां करतां त्याच्याशीं भांडूं शकतात. पुष्कळदां मोठ्यांपेक्षां बरें भांडतात.

ह्याहून महत्त्वाचें काम लेखकांचें आहे. अद्भुतरम्य कादंबरीची भूक मेलेली नाहीं, ती मरणारही नाहीं. आणि ती भागविण्याचें काम परभाषेंतील पुस्तकांवर व चित्रपटांवर सोंपवून मराठी लेखकानें हात झाडणें इष्ट नाहीं. भुयारें असावीं, गुप्त दारें असावीं, प्रकरणाच्या शेवटीं दिवा विझावाच. पण दिवा घेऊन पुढें चालणारी मुलगी आहुप्याची महादेव कोळ्याची असावी, तिला नांव असावें, रानाच्या वाटा तिला पुस्तकी नायकापेक्षां अधिक ठाऊक असाव्या. लेण्यांत शिरल्यावर तिला तेथें चिटाचा भोजनमंडप भेटावा. आणि शेवटीं ती कोणा राजाची हरवलेली कन्या निघूं नये. अशी कादंबरी कोणी लिहील तर जुन्नर-आंबेगांवचीं मुलें ती कोणापासूनही न लपवितां वाचतील, आणि त्यांचे आजीआजोबाही वाचतील.